वृत्तपत्रमालकांची जागतिक सभा

वर्तमानपत्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम संपादक उभा राहतो. लेखणी हातांत धरून बसलेला, सत्तेशीं भांडणारा, प्रसंगीं तुरुंगांत जाणारा संपादक हा लोकांच्या आदराचा विषय झालेला आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या लेखणींतून उतरलेला मजकूर कागदावर छापला जाऊन वाचकाच्या हातांत पडेपर्यंत जो दुसरा एक खटाटोप चालतो, त्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. छापखाना कोणाचा, कागद कोठून आला, खिळे जुळविणाऱ्यांचा पगार कोणीं चुकविला, अंक परगांवीं कसा पोंचला, आणि सरकारनें मागितलेला जामीन कोणीं भरला, हे प्रश्न वाचकाला पडत नाहींत. हा सारा भार जो वाहतो तो प्रकाशक होय. या प्रकाशकांनीं देशोदेशींच्या सीमा ओलांडून आपली जी संघटना उभारली तिचा इतिहास व तिची कार्यपद्धति हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दूरचा वाटूं नये म्हणून आपण एक गांव नजरेसमोर ठेवूं. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणेच्या कांठीं माकणी नांवाचें गांव आहे. तेथें आज तेरणेवर धरण झालें आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि रयतेची भाषा मराठी. सभा भरवावयाची म्हटली तरी आधीं सरकारची परवानगी घ्यावी लागे. पश्चिमेकडे सोलापूर जिल्हा लागे, आणि तो इंग्रजी अमलांत. अशा मुलखांतील मराठी वाचकाला आपल्याच संस्थानांत काय चाललें आहे हें कळावें तरी कसें? हैदराबाद शहरांत लक्ष्मणराव फाटक यांनीं ‘निजाम विजय’ नांवाचें मराठी साप्ताहिक चालविलें. पण तें दरबारच्या डोळ्यांदेखत निघत होतें. अधिक मोकळेपणानें लिहावयाचें तर संस्थानाबाहेर जाऊन लिहिणें भाग होतें. आ. कृ. वाघमारे यांनीं नेमकें हेंच केलें. त्यांनीं १९३८ च्या सुमारास ‘मराठवाडा’ हें साप्ताहिक पुण्याहून काढलें. निजाम सरकारनें त्यावर बंदी घातली, तेव्हां वाघमाऱ्यांनीं नांव बदलून पत्र पुन्हां काढलें. बंदी नांवावर असे, मजकुरावर नसे. नांव बदललें कीं हुकूम निकामी होई आणि सरकारला नवा हुकूम काढावा लागे.

या लहानशा हकीकतींत एक मोठें तत्त्व दडलेलें आहे. सत्तेला एखादें पत्र नकोसें झालें म्हणजे ती लेखकाच्या युक्तिवादाला उत्तर देत बसत नाहीं. ती छापण्याच्या परवान्यावर, टपालावर, कागदावर किंवा पैशाच्या थैलीवर हात टाकते. १९१० सालचा मुद्रणविषयक कायदा हें याचें उत्तम उदाहरण होय. या कायद्यानें नव्या छापखान्याच्या चालकाकडून पांचशें ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याची सोय करून ठेविली. तो जप्त झाला आणि छापखाना पुन्हां चालवावयाचा झाला तर एक हजारापासून दहा हजारांपर्यंत नवा जामीन भरावा लागे. त्या काळच्या मराठी छापखान्याच्या मिळकतीशीं हे आंकडे ताडून पाहिले म्हणजे कायद्याचा रोंख ध्यानांत येतो. लेखकाचा गुन्हा न्यायालयांत सिद्ध करण्याची यातायात न करतां मालकाला भिकेस लावावें, म्हणजे लेखणी आपोआप थांबते, अशी ही योजना होती. हा कायदा १९२२ सालीं रद्द झाला. पण १९३१ सालीं त्याच धर्तीचा दुसरा कायदा आला.

अशा वेळीं एकटा प्रकाशक दुबळा असतो. म्हणून एकत्र येण्याची कल्पना जगांत फार पूर्वींच निघाली होती. १८९४ सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं वृत्तपत्रांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९०९ च्या जूनमध्यें लंडनला ब्रिटिश साम्राज्यांतील वृत्तपत्रांची परिषद झाली. भारतीयांच्या मालकीच्या पत्रांचे प्रतिनिधि म्हणून ‘बंगाली’ पत्राचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी तेथें गेले होते. लंडनमध्यें मेजवान्या झडत होत्या व साम्राज्यांतील वृत्तपत्रांच्या बंधुभावावर भाषणें होत होतीं, त्या वेळीं ‘केसरी’चे संपादक व चालक लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते. १९०८ च्या जुलैमध्यें त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि ती त्यांच्याच पत्रांतील लेखांबद्दल झाली होती. जी परिषद राज्यकर्त्यांच्या छायेखालीं भरते ती राज्यकर्त्यांच्या कैद्याला काय देणार? प्रकाशकांची संघटना खरी व्हावयाची तर ती सरकारांपासून स्वतंत्र असली पाहिजे, हा धडा या प्रसंगानें दिला.

तो धडा युरोपनें फार मोठी किंमत देऊन गिरविला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें फ्रान्स व हॉलंड व्यापले, तेव्हां तेथील नामांकित पत्रें एक तर बंद पडलीं किंवा जेत्यांच्या आज्ञेनें चालूं लागलीं. मग तळघरांतून, रात्रीच्या वेळीं, मिळेल त्या कागदावर गुप्त पत्रें छापलीं जाऊं लागलीं. फ्रान्समधील ‘कोंबा’ आणि हॉलंडमधील ‘हेट पारोल’ हीं पत्रें अशींच जन्मास आलीं. तीं छापणारे व वांटणारे कित्येक जण पकडले गेले, कित्येकांना देहदंड झाला. या गुप्त पत्रांच्या चालकांपैकीं जे वांचले त्यांच्या पुढाकारानें १९४८ सालीं वृत्तपत्रप्रकाशकांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें पॅरिसला होतें, आणि फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘एफ-आय-ई-जे’ म्हणत. व्यापाराच्या सोयीसाठीं जमलेल्या दुकानदारांचा हा मेळा नव्हता. छापखाना शत्रूच्या हातीं गेला म्हणजे राष्ट्राची वाचा जाते, हें ज्यांनीं अनुभविलें होतें त्यांनीं तो उभारला होता.

त्याच १९४८ सालीं आपल्या हैदराबाद संस्थानांत काय घडत होतें? शोएबुल्ला खान नांवाचा एक तरुण पत्रकार ‘रय्यत’ या उर्दू पत्रांत काम करीत असे. तें पत्र सरकारनें बंद पाडलें. तेव्हां त्यानें १९४७ च्या अखेरीस ‘इमरोज’ नांवाचें आपलें स्वतःचें दैनिक काढलें. रझाकारांच्या जुलमाविरुद्ध तो निर्भयपणें लिही, आणि संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें सांगे. १९४८ च्या ऑगस्टमध्यें, रात्रीं कचेरींतून घरीं परततांना, मारेकऱ्यांनीं त्याला भर रस्त्यांत गांठलें. गोळ्या घातल्या, आणि ज्या हातानें तो लिही तो हातही तोडला. पुढें महिन्याच्या आंत भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ सप्टेंबर रोजीं निजामी राजवट संपली. माकणीसारखीं शेंकडों गांवें त्या दिवशीं मोकळीं झालीं. ती पहांट पाहावयास शोएबुल्ला मात्र राहिला नाहीं. पॅरिसला संघ जन्मत होता आणि हैदराबादेंत एक संपादक-प्रकाशक एकाकी मरत होता, ही एकाच वर्षांतील दोन चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे अशा संघाची गरज कशासाठीं होती हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

आतां या संघाचें काम चालतें कसें तें पाहूं. त्याचे मुख्य सभासद म्हणजे निरनिराळ्या देशांतील प्रकाशकांच्या राष्ट्रीय संस्था. त्यांच्या जोडीला वृत्तपत्रकंपन्या व वृत्तसंस्थाही सभासद होऊं शकतात. एक निवडलेलें मंडळ कारभार पाहतें, आणि जगांतील वेगवेगळ्या शहरीं संघाची परिषद भरते. संघाजवळ फौज नाहीं, न्यायालय नाहीं, दंड करण्याचा अधिकार नाहीं. एखाद्या देशांत पत्र बंद केलें गेलें अथवा संपादकाला पकडलें गेलें म्हणजे संघ त्या देशाच्या प्रमुखाला निषेधाचें पत्र धाडतो, तें जगभर प्रसिद्ध करतो, आणि आपल्या अहवालांत त्याची नोंद करून ठेवितो. एवढ्यानें काय होणार, असें कोणी म्हणेल. पण जुलमी सत्तेला अंधार प्रिय असतो. आपलें कृत्य शंभर देशांतील पत्रांत छापून येईल या भीतीनें कांहीं हात थबकतात, कांहीं थबकत नाहींत. जे थबकत नाहींत त्यांचीं नांवें निदान इतिहासांत लिहिलीं जातात.

१९६१ पासून संघानें ‘स्वातंत्र्याची सुवर्णलेखणी’ नांवाचा सन्मान सुरू केला. पहिला मान तुर्कस्तानचे संपादक अहमद एमीन यालमन यांना मिळाला. १९७८ सालीं तो दक्षिण आफ्रिकेंतील डोनाल्ड वुड्स यांना दिला गेला. वर्णद्वेषी राजवटीनें त्यांच्यावर लिहिण्याबोलण्याची बंदी घातली होती, आणि त्यांना देश सोडून पळावें लागलें होतें. या सन्मानाचें मोल सोन्यांत नाहीं. ज्याच्याभोंवतीं त्याच्या देशानें भिंत उभारली आहे, त्याला जग ओळखतें हें त्या भिंतीच्या आंतल्यांना कळावें, यांत त्याचें मोल आहे.

संघाच्या कामाची दुसरी बाजू यंत्रविद्येची आहे. १९६१ सालींच रंगीत छपाईचा अभ्यास करण्यासाठीं वृत्तपत्रांची एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पुढें तिचें ‘इफ्रा’ या नांवाच्या संशोधनसंस्थेंत रूपांतर झालें व तिचें ठाणें जर्मनींतील डार्मश्टाट येथें होतें. कागद किती वायां जातो, शाई कशी धरते, अंक कमी वेळांत कसा बांधावा, असले रूक्ष प्रश्न तेथें सोडविले जात. पण अंक अर्ध्या तासानें लौकर छापून झाला तर तो पहिल्या एस.टी.नें निघतो, आणि पहिली एस.टी. गांठली तर खेड्यांतल्या वाचकाला सकाळचें पत्र सकाळीं मिळतें. यंत्रशाळेंतला विचार गांवापर्यंत पोंचतो तो असा. पॅरिसचा संघ १९९६ पासून ‘वर्ल्ड असोसिएशन ऑफ न्यूजपेपर्स’ म्हणवूं लागला आणि २००९ सालीं तो व ‘इफ्रा’ या दोन्ही संस्था एक झाल्या. या संयुक्त संस्थेच्या सांगण्याप्रमाणें तिच्या छत्राखालीं १२० देशांतील सुमारें ३,००० वृत्तपत्रकंपन्या आहेत.

आपल्या देशांतील प्रकाशकांची संस्था आंतरराष्ट्रीय संघाहूनही वयानें वडील आहे. ‘इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी’ २७ फेब्रुवारी १९३९ रोजीं स्थापन झाली. पुढें तिचें नांव ‘इंडियन न्यूजपेपर सोसायटी’ झालें. पहिले अध्यक्ष ‘स्टेट्समन’चे आर्थर मूर होते. संपादकांची परिषद १९४० सालीं निराळी निघाली. या सोसायटीचें रोजचें काम वाचकाला दिसत नाहीं, पण पत्र त्यावरच जगतें. जाहिराती देणाऱ्या दलाल-संस्थांना ती मान्यता देते. मान्यता मिळालेल्या संस्थेला सभासद-पत्रें ठराविक मुदतीची उधारी देतात. तिनें पैसे बुडविले तर मान्यता जाते, आणि मग कोणतेंच पत्र तिला उधारीवर जाहिरात छापूं देत नाहीं. एकट्या लहान पत्रानें मुंबईच्या बड्या दलालाकडे थकलेल्या बिलासाठीं किती खेटे घातले असते? संघटनेच्या एका ठरावानें तें काम होतें. तसेंच खपाचें. प्रत्येक मालक आपला खप फुगवून सांगूं लागला तर जाहिरातदार कोणाचाच आंकडा खरा धरणार नाहीं. म्हणून १९४८ सालीं खप तपासणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था भारतांत स्थापन झाली. परस्परांवर अविश्वास असलेल्या व्यापाऱ्यांनीं एका तिसऱ्या हिशेबनिसावर विश्वास ठेवावयाचा, ही त्यांतील युक्ति होय.

प्रकाशकाचे हक्क आणि वाचकाचें स्वातंत्र्य यांचा संबंध किती जवळचा आहे, याचा निवाडा एका मराठी पत्राच्या खटल्यांत झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं वृत्तपत्र-आयोग नेमला. त्याचा अहवाल १९५४ सालीं आला. बडीं धनवान पत्रें थोड्या पैशांत पुष्कळ पानें देऊन लहान पत्रांना मारून टाकतात, म्हणून किंमत व पानें यांचें प्रमाण ठरवून द्यावें, अशी त्याची शिफारस होती. हेतु चांगला होता. १९५६ सालीं त्याप्रमाणें कायदा झाला व १९६० सालीं हुकूम निघाला. पुण्याच्या ‘सकाळ’नें या हुकुमाला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. अमेरिकेंत शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनीं १ जानेवारी १९३२ रोजीं काढलेलें हें पत्र त्या वेळीं सात नव्या पैशांस विकलें जाई व त्याचा रोजचा खप सुमारें बावन्न हजार होता. सहा दिवसांत मिळून तें चौतीस पानें देई. नव्या हुकुमाप्रमाणें जुनीच किंमत ठेवावयाची तर चोवीस पानांवर यावें लागे. पानें राखावयाचीं तर किंमत एक नवा पैसा वाढवावी लागे. पानें घटलीं तर बातमी घटते, किंमत वाढली तर वाचक घटतो. दोन्हीकडून तोटा विचारांच्या प्रसाराचाच. कांहीं वाचकांनींही या हुकुमाविरुद्ध स्वतंत्र अर्ज केले होते, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

२५ सप्टेंबर १९६१ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें कायद्याची संबंधित तरतूद व हुकूम रद्द ठरविला. निकालपत्र न्यायमूर्ति मुधोळकरांनीं लिहिलें होतें. भाषणस्वातंत्र्यांत केवळ बोलण्याचाच नव्हे तर आपलें म्हणणें हव्या तितक्या लोकांपर्यंत पोंचविण्याचा हक्क येतो, आणि एका पत्राला वाढविण्यासाठीं दुसऱ्याचा प्रसार आंखडतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. शिफारस करणारा मराठी, झगडणारा मराठी, निकाल लिहिणाराही मराठी, असा हा योग होता. पुढें १९७२ सालीं कागदाच्या वांटपावरून व पानांच्या मर्यादेवरून खटला झाला तेव्हां न्यायालयानें तीच दिशा धरली.

तथापि मालकांच्या संघटनेचें गुणगान करून थांबणें न्यायाचें होणार नाहीं. मालक हा स्वातंत्र्याचा रक्षक असतो तसाच धंद्याचाही रक्षक असतो, आणि हीं दोन्ही कामें नेहमीं एका वाटेनें जात नाहींत. श्रमिक पत्रकारांच्या संरक्षणासाठीं १९५५ सालीं कायदा झाला. तेव्हां यानें आमच्या स्वातंत्र्यावर घाला पडतो, असें म्हणत वृत्तपत्रांचे मालक न्यायालयांत गेले. १९५८ सालीं न्यायालयानें कायदा बहुतांशीं उचलून धरला. वेतन मंडळाचा निर्णय मात्र मालकांच्या ऐपतीचा विचार न झाल्यामुळें रद्द ठरविला. पुन्हां मजिठिया मंडळाच्या वेळीं मालकांनीं विरोध केला, तो २०१४ सालीं फेटाळला गेला. बातमी आणणाऱ्याला पोटभर वेतन नसेल तर मालकाचें स्वातंत्र्य वाचकाच्या काय उपयोगाचें? आणि लहान पत्रांबद्दल राजाध्यक्ष आयोगाला वाटलेली चिंता निकालानें खोटी ठरली नाहीं; उपाय तेवढा चुकीचा ठरला. ती चिंता अजून शिल्लक आहे.

१९४८ पासून एकसष्ट वर्षांनीं, २००९ च्या डिसेंबरांत, या जागतिक संघाची ६२वी परिषद हैदराबाद शहरांत भरली. राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांनीं तिचें उद्घाटन केलें. त्या वर्षाची सुवर्णलेखणी पाकिस्तानचे नजम सेठी यांना तेथें अर्पण झाली. सेठी हे ‘फ्रायडे टाइम्स’ या साप्ताहिकाचे संस्थापक. १९९९ सालीं त्यांना त्यांच्याच सरकारनें पकडून नेलें होतें. ज्या शहराच्या रस्त्यावर एका संपादकाचा हात तोडला गेला, त्याच शहरांत शेजारच्या देशांतील संपादकाच्या हातीं जगानें लेखणी दिली. शोएबुल्लाला त्याचा उपयोग नव्हता. पण जी वाट तो एकटा चालला त्या वाटेवर आतां सोबती आहेत, एवढें तरी त्यावरून म्हणतां येतें.

पुढें २०११ सालीं या संघाचें अध्यक्षपद केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ घराण्यांतील जेकब मॅथ्यू यांच्याकडे आलें. मराठवाड्याला हें नांव परकें वाटूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंपानें किल्लारी, सास्तूर व माकणीच्या परिसरावर घाला घातला, तेव्हां या मल्याळी पत्रानें लातूर जिल्ह्यांतील बाणेगांव हें गांव पुन्हां बांधून देण्याचें काम अंगावर घेतलें होतें. ज्यांची भाषा तेरणेकांठीं कोणास वाचतां येत नाहीं, त्यांना तेथलें दुःख पोंचलें तें बातमीनेंच.

म्हणून वृत्तपत्रमालकांच्या संघटनेची कसोटी परिषदेच्या मंडपांत लागत नाहीं. ती माकणीसारख्या गांवीं लागते. तेथें अंक वेळेवर येतो काय, तो गांवच्या माणसाला परवडतो काय, आणि त्यांत तेथलें सुखदुःख कोणाची भीड न धरतां छापलेलें असतें काय, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्याचें उत्तर यंत्र देईल, दुसऱ्याचें हिशेब देईल. तिसऱ्याचें उत्तर देण्यास मात्र माणूसच लागतो, आणि तो माणूस एकटा पडूं नये एवढ्याचसाठीं हा सारा संघ.